कळलावीची नोंद कुणाच्या दप्तरी?

मागच्या श्रावणात तिसऱ्या सोमवारी आपल्याकडची पोरं नेहमीप्रमाणे ब्रह्मगिरीच्या फेरीला गेली होती. परत आल्यावर एकाने गावच्या ग्रुपवर फोटो टाकला. करवंदीच्या जाळीवर चढलेली एक वेल आणि तिच्यावर चुलीतल्या जाळासारखं फूल. बुडाशी पिवळं, टोकाला लाल, सहाच्या सहा पाकळ्या वर उलटलेल्या. खाली प्रश्न : "कोणतं फूल आहे हे?"

तासाभरात मेसेजचा पाऊस. कोणी म्हणालं अग्निशिखा, कोणी म्हणालं खड्यानाग. एका काकांनी लिहिलं, "घरी आणू नको रे बाबा, कळलावी आहे ती. घरात भांडणं लागतात." एकाने तर नुसखाच टाकला, की हिची मुळी बांधली की बाळंतपण सोपं होतं. शेवटी एकाने गूगलवरून उतारा चिकटवला : आफ्रिकेच्या जंगलातली वेल, झिम्बाब्वेचं राष्ट्रीय फूल. त्यावर लगेच पुढचा मेसेज, "म्हणजे ही पण बाहेरचीच का? गाजर गवतासारखी?" मग चर्चा गाजर गवतावरून जलपर्णीवर गेली आणि फूल राहिलं बाजूला.

मला तिथेच लिहायचं होतं, पण ग्रुपवर चार ओळींच्या वर लिहिलं की लोक अंगठा दाखवून पुढे जातात. म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, पण सवडीने वाचा. कारण ही गोष्ट एका फुलाची असली तरी शेवटी आपल्या ग्रामपंचायतीच्या कपाटापर्यंत येते.

आधी तो "बाहेरची" हा मुद्दा मिटवू. कळलावीच्या कुळातले बहुतेक भाऊबंद आफ्रिकेत आहेत, हे खरं. तिथल्या उष्ण भागातल्या रानात, जंगलाच्या कडेला, झुडपांवर चढून ती वाढते. पण आपली ही जात आफ्रिकेपुरती कधीच नव्हती. भारत, श्रीलंका आणि पुढे आग्नेय आशियापर्यंत ती आपसूक रानात उगवते. गाजर गवत आपल्याकडे पहिल्यांदा नजरेत आलं ते १९५० च्या दशकात, पुण्यात. म्हणजे आपल्या आजोबांच्या डोळ्यांदेखत. कळलावीला मात्र आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत नावं आहेत, आणि एक नाही, चांगली पाच-सहा. तमिळ लोकांच्या संगम काळातल्या काव्यात ती 'कांदळ' म्हणून येते, मुरुगन देवाचं फूल म्हणून. तमिळनाडूचं राज्यफूल हेच आहे. आपल्या कोकणात गौरी-गणपतीच्या दिवसांत हीच फुलं गौरीला वाहतात. आता हिला बाहेरची कशी म्हणायची? दोन्हीकडची आहे म्हणा.

आणि ती नावं नुसती गोड म्हणून ठेवलेली नाहीत. संस्कृतात हिचं एक नाव लांगली. लांगल म्हणजे नांगर. दुसरं नाव हलिनी, त्यातही हल म्हणजे नांगरच. जमिनीखालचा कंद उकरून पाहिला तर तो दुबेळक्यासारखा वाकलेला, थेट नांगराच्या आकाराचा असतो. म्हणजे नाव ठेवणाऱ्याने नुसतं फूल पाहिलेलं नव्हतं, खाली उकरून पाहिलं होतं. तिसरं नाव अग्निशिखा, ते फुलाकडे बघितलं की कळतं. आणि चौथं नाव गर्भपातिनी. त्यात सगळा धोका सांगून टाकला आहे.

आपलं मराठी नावही तसंच आहे. 'कळ लावणे' म्हटलं की आपल्याला भांडण आठवतं, कळलाव्या नारद आठवतो. पण कळ म्हणजे वेणासुद्धा. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून सुईणी या कंदाचा लेप बाहेरून लावायच्या. कळा लावणारी ती कळलावी. पुढे सुईणी गेल्या, तो अर्थ मागे पडला आणि भांडणाचा तेवढा उरला. "घरात आणू नको" हा दम मात्र टिकला, आणि माझ्या मते तो उपयोगाचाच होता. चूल-पाण्याच्या घरात, जिथे लेकरं दिसेल ते तोंडात घालतात, तिथे ही वेल नको म्हणून कोणीतरी शहाण्या बाईने भांडणाची भीती घातली असणार.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. तो ग्रुपवरचा नुसखा कृपा करून पुढे पाठवू नका. कळलावीचा कंद, बी, पाला, सगळंच विषारी आहे. आयुर्वेदातही तिची गणना उपविषात होते आणि शोधन केल्याशिवाय ती वापरत नाहीत. कंद रताळ्यासारखा दिसतो म्हणून चुकून खाल्ला जातो. श्रीलंकेत, दक्षिण भारतात अशा विषबाधा झालेल्या आहेत आणि माणसं गेलेली आहेत. खाल्ल्यावर लगेच काही होत नाही, काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, त्यामुळे लोक साधं अपचन समजून घरी थांबतात. मग एकेक अवयव धरला जातो. जे वाचतात त्यांचे पुढे केस गळतात. यावर हमखास उतारा नाही. त्यामुळे बाळंतपण दवाखान्यात, साप चावला तर दवाखान्यात, आणि चुकून हा कंद पोटात गेला तर थेट मोठ्या दवाखान्यात. फूल बघा, फोटो काढा, हात लावला तर हात धुवा. बस.

आता इतिहासाकडे येतो.

केरळात सतराव्या शतकात डचांची सत्ता होती. तिथला त्यांचा गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने मलबारच्या झाडापेलांची मोठी नोंद करायचं काम हाती घेतलं. त्यातून 'होर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला छापून निघाला. पण माहिती कोणाची? इट्टी अच्युतन नावाच्या मल्याळी वैद्यांची, आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पुभट या तीन कोंकणी वैद्यांची. गोव्याहून पोर्तुगीजांच्या जाचामुळे कोचीला जाऊन वसलेल्या समाजातले हे तिघे. त्यांनी १६७५ साली कोचीला लिहून दिलेलं प्रमाणपत्र त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात नागरी लिपीत, कोंकणी भाषेत छापलेलं आहे. आपण ज्या लिपीत आत्ता वाचतोय ती लिपी छापलेली दिसते अशा अगदी सुरुवातीच्या जागांपैकी ही एक. साल लक्षात ठेवायला सोपं : शिवराज्याभिषेकानंतरचं पुढचंच वर्ष.

त्याच ग्रंथाच्या सातव्या खंडात आपली कळलावी आहे. तिथे तिचं मलबारी नाव 'मेंदोणी' दिलं आहे, सोबत मोठं चित्र. पुढे १७५३ साली स्वीडनच्या लिनियसने जगभरच्या वनस्पतींना शास्त्रीय नावं दिली, तेव्हा हिला 'ग्लोरिओसा सुपर्बा' म्हटलं आणि आधार म्हणून तीच मलबारची नोंद घेतली. वस्तीचं ठिकाण लिहिलं, मलबार. आफ्रिकेचा त्यात उल्लेख नाही. का? तर आफ्रिकेतल्या वैद्यांचं म्हणणं लिहून घ्यायला तिथे कोणी बसलेलं नव्हतं. ज्या खंडात हिचे सगळ्यात जास्त भाऊबंद, तेच नोंदीतून राहून गेलं. ज्याची नोंद झाली, त्याचं नाव लागलं. सातबाऱ्याचा कारभार पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

तिथून पुढची गोष्ट दवाखान्याची आणि पैशाची. १८२० साली पेल्टिए आणि कव्हाँतू या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी युरोपातल्या कोल्चिकम नावाच्या फुलझाडातून एक द्रव्य वेगळं केलं. मलेरियावरचं क्विनाइन वेगळं केलं तेही याच जोडीने, याच वर्षी. त्या झाडाचा उपयोग गाउटवर, म्हणजे युरिक ॲसिड वाढून पायाचा अंगठा लालबुंद सुजतो त्या दुखण्यावर, युरोपात आधीपासून होत होता. पुढे त्या द्रव्याचं नाव पडलं कोल्चिसीन. आणि १९१५ साली इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी कळलावीचा कंद तपासला तर त्यातही कोल्चिसीन निघालं. युरोपातलं कोल्चिकम आणि आपली कळलावी एकाच कुळातल्या निघाल्या. म्हणजे विषही एकच आणि औषधही एकच.

हे द्रव्य करतं काय? आपल्या शरीरातली पेशी दुभागताना आत बारीक दोऱ्या तयार होतात आणि त्या गुणसूत्रांना दोन्ही बाजूंना ओढतात. कोल्चिसीन त्या दोऱ्याच तयार होऊ देत नाही. शरीरात जास्त गेलं की जिथे पेशी भराभर वाढतात तिथे पहिला मार बसतो, म्हणून आतडं आणि केस. पण १९३७ साली अमेरिकेत ब्लेकस्ली आणि एव्हरी यांनी हेच विष झाडांवर वापरून पाहिलं. गुणसूत्रं दुप्पट झाली, पण पेशी दुभागलीच नाही. अशी दुप्पट गुणसूत्रांची नवी झाडं हवी तेव्हा तयार करता येऊ लागली. जपानच्या किहारा यांनी याच युक्तीने बिनबियांचं कलिंगड तयार केलं. आपली थॉमसन द्राक्षं त्यातली नव्हेत, ती निसर्गतःच बिनबियांची. पण गव्हासारख्या पिकांच्या नव्या जाती लवकर काढायच्या ज्या पद्धती आज जगभर वापरतात, त्यांतल्या एकीत कोल्चिसीन लागतंच. ज्या वेलीला आपण घरात घेत नाही, तिचं द्रव्य शेतीच्या प्रयोगशाळांतून आपल्या वावरापर्यंत कधीच येऊन पोचलं आहे.

औषधाच्या बाजूनेही तसंच. कंबर किंवा मान आखडली की डॉक्टर थायोकोल्चिकोसाइड असलेल्या गोळ्या लिहून देतात. हा पदार्थ कळलावीच्या बियांतल्या द्रव्यापासून बनवतात. घरातल्या जुन्या चिठ्ठ्या बघा, बऱ्याच जणांना सापडेल. अमेरिकेत कोल्चिसीनची गोळी वर्षानुवर्षं साधारण ९ सेंटला मिळत होती. २००९ साली तिथल्या औषध नियामकाने एका कंपनीला रीतसर परवानगी आणि काही वर्षांची मक्तेदारी दिली, आणि तीच गोळी जवळजवळ ५ डॉलरवर गेली. औषध तेच, गुण तेच. कागद नवा झाला एवढंच. आणि २०२३ साली त्याच नियामकाने हृदयविकार टाळण्यासाठी कमी मात्रेतलं कोल्चिसीन वापरायलाही मान्यता दिली.

आता दुसरं टोक बघा. तमिळनाडूत मुलनूर, धारापुरम, ओट्टनछत्रम या कोरडवाहू पट्ट्यात शेतकरी कळलावीची रीतसर शेती करतात. आपल्या द्राक्षासारखीच तारेवर, आधारावर चढवतात. तिच्या पानाचं टोकच दोऱ्यासारखं वळतं आणि मिळेल त्या आधाराला धरतं. परागीकरण मात्र हाताने करावं लागतं. सकाळी सकाळी एकेका फुलाजवळ जाऊन. ऑक्टोबरच्या पावसात डावणीशी झुंजणाऱ्या, थिनिंगला पन्नास बायका लावणाऱ्या निफाड तालुक्याला ही मेहनत कळेल. पीक म्हणजे बी. ते बी व्यापाऱ्याकडे, तिथून अर्क काढणाऱ्या कारखान्याकडे किंवा निर्यातीला. घेणारे मोजके, विकणारे हजारो, हमीभाव नाही. एखाद्या वर्षी भाव असा चढतो की शेजारचाही लावतो, आणि पुढच्या वर्षी असा आपटतो की बी घरात पडून राहतं. सायखेड्याच्या उपबाजारात कांद्याचा लिलाव पाहिलेल्या माणसाला पुढचं मी काय सांगू?

म्हणून कोणी हे वाचून "चला, बाग काढतो आणि कळलावी लावतो" असं म्हणू नका. माझा मुद्दा वेगळा आहे.

तिकडे शेती सुरू झाली तेव्हा लागवडीला कंद लागले, आणि ते आले रानातून. आपल्या त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या डोंगरात ही वेल अजून पावसाळ्यात दिसते. पण कंद उकरला की पुढच्या वर्षी त्या जागी वेल नाही. बी रुजायला वेळ घेतं. जडीबुटीचा व्यापार गाजावाजा करून येत नाही. कोणीतरी येतो, पाड्यावर किलोमागे चार पैसे सांगतो, पोती भरून घेऊन जातो. त्या पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला हिची पूर्ण माहिती असते : कधी काढायची, किती विषारी, जनावराला काय होतं. ती माहिती त्याच्याबरोबरच जाते.

माहिती लिहिलेली नसली तर काय होतं, हे आपण हळदीच्या वेळी पाहिलं. १९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम भरते या 'शोधा'ला पेटंट मिळालं. आपल्या प्रत्येक आईला माहीत असलेली गोष्ट. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. त्यांच्या संस्थेने ते पेटंट आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. पण कशाच्या जोरावर? "आमच्या आया लावतात" हे तिथे चालत नाही. जुने ग्रंथ आणि छापलेला शोधनिबंध दाखवावा लागला. लेखी होतं म्हणून जिंकलो.

यातूनच पुढे कायदा आला. जैविक विविधता कायदा, २००२. या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायलाच हवी, आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायला हवी. गावात काय उगवतं, काय पोहतं, काय उडतं, आणि त्याबद्दल गावातल्या लोकांना काय माहीत आहे, ते सगळं. ही कल्पना देशात रुजवण्यात पुण्याच्या माधव गाडगीळांचा मोठा वाटा आहे. व्यापारासाठी रानातला माल नेणाऱ्याने स्थानिकांना लाभाचा वाटा द्यायचा, हेही याच कायद्यात आहे. २०१८ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने भारतीय औषध कंपन्यांनाही हा वाटा द्यावा लागेल असा निकाल दिला.

पण २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली. ग्रंथांत आधीच नोंदलेलं पारंपरिक ज्ञान आणि लागवड केलेल्या औषधी वनस्पती यांना बऱ्याचशा अटींतून सूट मिळाली. म्हणजे आता लाभाचा हक्क उरतो तो मुख्यतः रानातल्या मालावर आणि ग्रंथात नसलेल्या, लोकांच्या तोंडी असलेल्या ज्ञानावर. आणि ते सिद्ध करायला गावाजवळ कागद एकच : ती नोंदवही.

आता ही नोंदवही आहे का? कागदावर बहुतेक ठिकाणी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली मुदत घालून दिली : ३१ जानेवारी २०२० पर्यंत नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर महिन्याला १० लाख दंड. मग काय, धावपळ झाली. मी एका गावची अशी नोंदवही उघडून पाहिली आहे. गाव सांगत नाही. झाडांत आंबा, चिंच, लिंब. प्राण्यांत गाय, म्हैस, कुत्रा. पक्ष्यांत कावळा, चिमणी. वैदू, सुईण, जाणकार यांच्या रकान्यात 'निरंक'. त्या गावात तेव्हा नव्वदीच्या दोन म्हाताऱ्या होत्या ज्यांनी अर्ध्या गावाची बाळंतपणं केली होती. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आज त्यातली एकच आहे.

आपल्याकडे नोंदीने काय होतं याचा चांगला दाखलाही आपल्याच नदीवर आहे. सायखेड्याच्या खाली नांदूर मध्यमेश्वर. तिथे वर्षानुवर्षं लोक पहाटे थंडीत उभं राहून पक्षी मोजत राहिले, वहीत लिहीत राहिले. २०२० साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं. पक्षी आधीही होतेच. आकडे लिहिलेले होते म्हणून जगाने मान्य केलं.

तर माझी विनंती साधी आहे. पुढच्या ग्रामसभेत कोणीतरी उभं राहून विचारा, "आपली लोक जैवविविधता नोंदवही दाखवा." भांडायला नाही, बघायला. त्यात गोदाकाठचं काय आहे, बांधावरचं काय आहे, मळ्यातल्या जुन्या विहिरीजवळचं काय आहे ते वाचा. जे नाही ते लिहून द्या. शाळेतल्या पोरांना कामाला लावा. फोटो काढायला ती आपल्यापेक्षा हुशार आहेत, ब्रह्मगिरीवरचा तो फोटो त्यांनीच काढला. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ अर्धा तास बसा. औषध विचारू नका, नावं विचारा. याला काय म्हणायचे, हे का तोडायचं नाही, गुरांना याच्यापासून लांब का ठेवायचं. ते जसं सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत लिहा.

साडेतीनशे वर्षांपूर्वी रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट यांनी सांगितलं आणि ते डचांच्या वहीत गेलं, म्हणून आज मला ते इथे लिहिता येतंय. या वेळी वही आपली आहे. कपाटही आपल्याच ग्रामपंचायतीत आहे. किल्ली कोणाकडे आहे तेवढं विचारायचं.

तुमच्या घरात, मळ्यात या वेलीला आणखी काही वेगळं नाव असेल तर खाली कमेंटमध्ये नक्की लिहा. नाव आणि गाव एवढंच. नुसखे नकोत. मी सगळी नावं एकत्र करून ग्रामसभेत लेखी देणार आहे.